हा पसारा कुणाचा?

समुपदेशकाच्या घरात रद्दी नावाची गोष्ट नसते, हे मला रद्दी विकून झाल्यावर कळलं.

हिंगोलीत स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा वेगळी जागा घ्यायची ऐपत नव्हती आणि गरजही वाटत नव्हती. घराची पुढची खोली पाहुण्यारावळ्यांपुरतीच उघडायची. तिथं एक टेबल टाकलं, तीन खुर्च्या मांडल्या, आतल्या दाराला जाड पडदा लावला आणि काम सुरू झालं. माझी पदवी समुपदेशन मानसशास्त्राची. औषध लिहायचा अधिकार मला नाही. ज्याला औषध लागेल त्याला मी जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. उरलं ते ऐकण्या-बोलण्याचं काम. त्याला असं काय सामान लागतं, असं मी ठसक्यात सांगायचे. घरात कशाला बसवतेस लोकांना, असं कुणी म्हणालं की फ्रॉइडचा दाखला तयार असायचा. व्हिएन्नातल्या बेर्गगासे १९ या इमारतीत तो १८९१ पासून १९३८ पर्यंत राहिला, रुग्णही तिथंच पाहिले, आणि त्याची खोली मूर्ती व पुराणवस्तूंनी इतकी भरलेली होती की पुढे लंडनला नेलेला तो संग्रह दोन हजारांच्या वर गेला. फ्रॉइडला चालतं तर मला का नाही? त्याच्या घरी बायको मार्था होती, नोकरमाणसं होती; माझ्या घरची मार्था मीच होते, एवढं तेवढं मी सोयीनं विसरायचे.

सामान लागलंच. पहिल्या भेटीचे फॉर्म, भेटीनंतरची टिपणं, मुलांच्या चाचण्यांच्या पुस्तिका, शाळांना दिलेल्या अहवालांच्या झेरॉक्स, शिबिरांतून उरलेली पत्रकं, शिवाय लोकांनी "तुमच्याकडं असू द्या" म्हणून सोडलेल्या जुन्या फायली. कुणाच्या घरी ती फाईल सापडली असती तर महाभारत झालं असतं, म्हणून ती माझ्याकडे. टेबल भरलं की कागद दिवाणाखाली, दिवाण भरला की माळ्यावर. टिपण त्याच दिवशी, त्याच टेबलावर लिहायची शिस्त मला शिकवली गेली होती. पण एक जण उठला की दुसरा बसलेला असायचा, आणि तो उठला की कुकर लावायची वेळ झालेली असायची. रात्री ओटा पुसून झाल्यावर, मिळेल त्या कागदावर, आठवेल तसं लिहायचे.

पैशाची तऱ्हा याहून वाईट. आमच्या जिल्ह्यात पैशाला हंगाम असतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आता, पण हळदीवर इथली घरं कधीपासून चालतात. काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश असं करत माल उन्हाळ्यात मोंढ्यावर जातो, आणि तेव्हा कुठं हातात रोकड येते. "हळद विकली की देतो, मॅडम" या वाक्याला मी कधी नाही म्हटलं नाही. उधारीची वहीही ठेवली नाही, कारण वही ठेवणं मला सावकारी वाटायचं. मग लक्षात राहावं म्हणून त्याच टिपणाच्या पाठीवर नाव, गाव आणि बाकी लिहायचे. पुढच्या बाजूला माणसाचं सगळ्यात झाकलेलं दुखणं, मागच्या बाजूला त्याचा पत्ता! आणि हे करताना मला त्यात स्वतःचा मोठेपणा दिसत होता.

काही जण फीच्या जागी हळकुंडांची पिशवी, तुरीची डाळ, घरचं तूप आणून द्यायचे. भिडेपोटी मी घ्यायचे. ज्याच्या घरची डाळ आपल्या डब्यात आहे त्याला "तुम्ही दारू सोडायचं ठरवून आठ महिने झाले" असं तोंडावर सांगणं जड जातं, हे मला फार उशिरा कळलं. डब्यांची गर्दी दिसत होती. तोंडाला बसलेलं कुलूप दिसत नव्हतं.

फोन तर एकच होता. २०२० च्या टाळेबंदीत माझं काम फोनवर आलं आणि मुलीची शाळाही त्याच फोनवर आली. एके दिवशी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, ह्या काकू मरणार आहेत का?" मी आधी तिच्यावर ओरडले, माझे मेसेज का वाचलेस म्हणून. तिनं काही वाचायला घेतलं नव्हतं. मेसेज तिच्या गणिताच्या तासावर येऊन पडला होता. त्या बाईंना मी तत्काळ फोन केला, त्यांच्या बहिणीला त्यांच्याजवळ बसवलं, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं करून दिलं. ते सगळं रीतसर झालं. मुलीशी बोलायला मात्र मी कितीतरी दिवस घेतले. मुलांशी मृत्यूबद्दल कसं बोलावं, हे मी लोकांना फी घेऊन सांगत होते.

अशा घरात मला एकाएकी स्वच्छतेचं वेड लागलं. मारी कोंडो यांचं २०११ मध्ये जपानीत निघालेलं आणि मग जगभर गेलेलं पुस्तक मैत्रिणीनं दिलं. वस्तू हातात घ्या, आनंद होतो का पाहा, होत नसेल तर आभार मानून निरोप द्या. त्यात लॉस एंजेलिसमधल्या जोडप्यांवरचा डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांचा २०१० चा अभ्यास वाचनात आला. ज्या बायका आपल्या घराचं वर्णन पसारा, अर्धवट राहिलेली कामं अशा शब्दांत करत होत्या, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल दिवस कलताना जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हे तसं दिसलं नाही. मी हे जेवताना ह्यांना वाचून दाखवलं, आणि माझं कॉर्टिसॉल तुमच्यामुळे, असं न म्हणता म्हटलं. वास्तविक त्या अभ्यासातून पसाऱ्यामुळेच ताण येतो असं निघत नाही. ताणात असलेल्या बाईला तेच घर जास्त पसरलेलं दिसत असेल, हेही शक्य आहे. विद्यार्थ्यांना मी हा फरक दहा वेळा समजावला असता. ह्यांना एकदाही सांगितला नाही. (कोंडोबाईंनी स्वतःच २०२३ मध्ये, तिसऱ्या मुलानंतर घर आवरण्याचा नाद आपण जवळजवळ सोडून दिल्याचं सांगितलं. ती बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा माझ्या घरातून जायचं ते गेलं होतं.)

आमच्या रामलीला मैदानावरचा दसरा उठला, दिवाळी तोंडावर आली आणि मी माळा उतरवला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भावाकडे गेल्या होत्या. बरंच झालं, असं वाटलं. त्यांची पत्र्याची पेटी उघडली तर आत विटलेली लुगडी, धोतरं, सुटे काठ. हातात घेऊन आनंद काही झाला नाही. बोहारणीला दिलं आणि झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. कागदांनाही तोच न्याय लावला: जुनं ते जाऊ द्या. टिपणं फाडून द्यावीत हे मनात आलं होतं, आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. थोडी फाडलीही. मग बोटं दुखायला लागली, रद्दीवाला दारात काटा घेऊन उभा होता, आणि बाकीचे गठ्ठे मी तसेच त्याच्या पोत्यात टाकले. मोकळ्या झालेल्या खोलीचा फोटो काढून ग्रुपवर पाठवला. अंगठ्यांचा पाऊस पडला.

पुढे काही आठवड्यांनी शेजारचा मुलगा गाड्यावरून मिरची भजी घेऊन आला. कागदावर अक्षर माझं होतं. तेलानं कागद असा आरपार झाला होता की पुढचं आणि मागचं एकदमच वाचता येत होतं.

कोण, कुठल्या, काय लिहिलं होतं, ते मी इथं सांगणार नाही. सांगितलं तर दुसऱ्यांदा तेच केल्यासारखं होईल. एवढं खरं की आमच्याकडे नाव, गाव आणि किती मुली एवढं कळलं तरी माणूस सापडतो. मी भजी पिशवीत ओतून घेतली, कागद काढून घेतला आणि गाड्यावर गेले. त्याच्याकडे आणखी काही पानं होती, ती मागून घेतली. तिथून रद्दीच्या दुकानात. पोत्यातलं काय उरलं होतं ते दुप्पट भावानं परत विकत घेतलं. बाकीचा माल पुढे गेला होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, काही महत्त्वाचं होतं तर द्यायचंच नव्हतं." त्याच्यावर रागवायला जागाच नव्हती.

आता खरी चूक, जिच्याबद्दल मला आजही बोलवत नाही. ज्या बाईंचं ते पान होतं त्यांना मी लगेच सांगितलं नाही. उगाच घाबरतील, आत्ता कुठं झोप लागायला लागली आहे, पुढच्या भेटीत बघू, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. प्रत्येक कारण त्यांच्या भल्याचं दिसत होतं, आणि प्रत्येकाच्या मुळाशी माझी अब्रू होती. शेवटी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "नवऱ्याचं नाव होतं का त्यात?" नव्हतं. "मंग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून त्यांनी चहा संपवला, बाकी राहिलेली फी टेबलावर मोजून ठेवली आणि गेल्या. त्या परत आल्या नाहीत. फोन करून त्यांना बोलवायचा हक्क मला उरला आहे असं वाटलं नाही, म्हणून तोही केला नाही. तेही चुकलं असेल.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तेविसावं कलम गोपनीयतेचं आहे, हे मी कार्यशाळांत सांगत आले. पंचविसाव्या कलमात माणसाला आपल्या नोंदी बघण्याचा हक्क आहे. त्या दोन्ही कलमांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती: नोंद माझ्या अक्षरात असली तरी ती माझी वस्तू नाही. मी तिची राखणदार. राखणदारानं "मला हिचा आनंद होतो का" हे विचारायचंच नसतं.

आत्याबाई आल्या, पेटी उघडली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या चिंध्या नव्हत्या बाई. वाकळीचं सामान होतं. मह्या मायचं लुगडं होतं त्यात." मी माफी मागितली. "व्हय, व्हय," म्हणाल्या आणि उठल्या. महिनाभर त्यांनी माझ्या हाताला काही लागू दिलं नाही. स्वतःची ताटली स्वतः घासून वेगळी ठेवायच्या. भांडणापेक्षा ते फार लागलं.

त्यानंतर आवरताना मी एकच प्रश्न विचारायला लागले: हे कुणाचं आहे, आणि माझ्याकडे कधीपर्यंत राहायचं आहे? गंमत अशी की या प्रश्नानं फेकण्यासारखं फारसं निघत नाही, परत करण्यासारखं खूप निघतं. लोकांनी सोडलेल्या फायली एकेकाला विचारून परत गेल्या. ज्यांना घरी नेणं धोक्याचं होतं त्यांच्या समोर त्या कापल्या. चाचण्यांच्या पुस्तिका वेगळ्या, शाळांचे अहवाल वेगळे. नाव-पत्ता एका रजिस्टरात, टिपणं दुसऱ्या ठिकाणी, नुसत्या क्रमांकावर. दोन्ही वेगवेगळ्या कुलपात. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायची अट आहे. मी डॉक्टर नाही, पण त्याहून कमी ठेवणं मला बरं वाटेना. मी शेवटच्या भेटीपासून सात वर्षं धरली, मुलांच्या बाबतीत ती सज्ञान झाल्यावर मोजायची. कागद कापायचं मशीन घेतलं. ते वीज असली तर चालतं, म्हणजे आमच्याकडे मनात आलं की चालतंच असं नाही. पण तेवढ्यासाठी रद्दीवाल्याला हाक मारायची नाही. डाळ-तूप बंद, ज्याला फी जड आहे त्याला कमी फी, आणि ती ठरवून, लिहून. उधारीची वही आली. ती सावकारी वाटत नाही आता. उलट किती द्यायचं हे स्पष्ट असलं की माणूस तोंड चुकवत नाही, एवढं लक्षात आलं.

फोन दोन झाले. कामाचा रात्री नऊला बंद होतो. त्यानंतर कुणाला गरज पडली तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे. पहिल्याच भेटीत तो कागदावर लिहून देते. सुरुवातीला मला हे सांगताना चोरट्यासारखं व्हायचं, जणू मी माणूस रस्त्यात सोडून जाते आहे. आपल्याशिवाय कुणाचं चालणार नाही, या समजुतीची मला किती गोडी लागली होती ते तेव्हा कळलं.

पण मला थांबता कुठं येतं? वेगळं करायचं तर सगळंच वेगळं, म्हणून मी नांदेड नाक्याकडे रस्त्यावरचा एक गाळा भाड्यानं घेतला. काचेचं दार, पांढऱ्या भिंती, टेबलावर फक्त पाणी आणि कागदी रुमाल. बाहेर ठळक पाटी: मानसिक समुपदेशन केंद्र. खोली बघून मला पहिल्यांदा आपण खरे व्यावसायिक आहोत असं वाटलं. आणि माणसं येणं कमी झालं. आधी मी भाड्याच्या काळजीनं हिशेब करत बसले, मग लोकांची समज कमी आहे असं म्हणून घेतलं. शेवटी कळमनुरीकडच्या एका आजींनी सांगितलं. त्यांच्या सुनेला माझ्याकडे यायचं होतं. "तुमच्या घरला आलं तं म्हणता येत होतं का पाव्हण्यायकडं गेलतो. आता पाटीखाली कसं उभं ऱ्हावं?"

माझ्या डोळ्याला जो गोंधळ होता तो त्यांचा आडोसा होता. दिवाणावरच्या उशा, आत शिजणाऱ्या भाजीचा वास, आत्याबाईंनी विचारलेलं "कोण्या गावच्या बाई तुम्ही?" या सगळ्याच्या आड एखादी बाई दीड तास रडून जाऊ शकत होती आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नव्हता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये राज्य सरकारनं ज्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला त्यांत हिंगोली आहे, आणि त्या कामात आशाताईंना घरोघर जायला सांगितलं ते उगाच नव्हतं. दुखणं दवाखान्याच्या पायरीवर चढत नाही, त्याच्या घरीच जावं लागतं, हे सरकारला कळलं होतं. मी मात्र काचेचं दार बसवून घेतलं होतं.

गाळा सोडला. आता पॅथॉलॉजी लॅब आणि दातांचा दवाखाना असलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली आहे. पाटीवर समुपदेशनाच्या आधी अभ्यास मार्गदर्शन लिहिलं आहे. यात थोडी लबाडी आहे. ती मी कुणाच्या तरी सोयीसाठी केली आहे, माझ्या नव्हे, असं मला वाटतं; पण असं मला पूर्वीही वाटायचं, म्हणून अधूनमधून तपासून बघते. पुढची खोलीही पूर्ण बंद केलेली नाही. आठवड्यातून दोन दिवस दुपारी ती ज्यांना इमारतीत येता येत नाही त्यांच्यासाठी आहे. कागद तिथं एकही राहत नाही. आत्याबाई त्या वेळेत देवळात जाऊन बसतात. हे त्यांनी स्वतः ठरवलं, मी सुचवलं नव्हतं.

घरात आता पसारा नाही असं कुणी समजू नये. मुलीच्या वह्या जेवणाच्या टेबलावर असतात, ह्यांच्या शेतीच्या पावत्या फ्रिजवर, आणि माझी न वाचलेली मासिकं सगळीकडे. त्याला मी हात लावत नाही. मुलीला मात्र नंतर, बऱ्याच नंतर, त्या काकूंबद्दल सांगितलं: त्या बऱ्या आहेत, आणि तुझ्यावर ओरडले ते माझं चुकलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." यातलं नेमकं काय माहीत होतं ते तिनं सांगितलं नाही, मीही खोदलं नाही.

एक काम बरीच वर्षं टाळलं होतं. उद्या मला अपघात झाला तर त्या कुलपांचं काय? किल्ली ह्यांच्या हातात पडणार, आणि ते कितीही भले असले तरी त्या कागदांतल्या निम्म्या माणसांचे जावई, चुलते, मास्तर त्यांच्या ओळखीचे आहेत. म्हणून एक पत्र लिहून ठेवलं: सध्या येणाऱ्यांना कुणी कळवायचं, त्यांना कुणाकडे पाठवायचं, नोंदी कुणी आणि कशा नष्ट करायच्या. परभणीतली एक समव्यवसायी मैत्रीण हे करायला तयार झाली, पण तिनं अट घातली की तिच्या बाबतीत तेच मी करायचं. माझी यादी आणि दुसरी किल्ली तिच्याकडे गेली. तिची यादी अजून आलेली नाही. आधी माळा उतरवते, मग पाठवते, म्हणाली. माळा उतरवायच्या आधी मला फोन कर, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.